भोंग्यावरचा माझा आवाज

मंगळवार, १ फेब्रुवारी २०००

आज गावात आलो आणि पहिल्याच दिवशी पोटभर हसलो. कोल्हापूरच्या स्टँडवरून गाडी सुटली, कळंब्याचं तळं मागं पडलं, तुरुंगाची भिंत मागं पडली आणि दोन्ही बाजूंच्या उसातून वाट काढत गाडीनं मला संस्थेच्या दारात आणून टाकलं. संस्था म्हणजे पाणीपुरवठा संस्था. नदीचं पाणी मोटरीनं उचलायचं आणि चारशे बारा सभासदांच्या उसाला पाळीपाळीनं द्यायचं. पाळी कुणाची, कधी, यावरून गावात रोज डोकी फुटतात. चेअरमन बाळासोंनी त्यावर उपाय काढलाय. ऑफिसच्या छतावर चार दिशांना चार भोंगे बसवलेत. रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी पाचला कॉम्प्युटरनं त्या भोंग्यांतून पाळ्या बोलायच्या. हा कॉम्प्युटर सध्या मुका आहे. त्याला बोलतं करायचं आणि आपला आवाज द्यायचा, ही माझी नोकरी.

बाळासोंनी मला शहरातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत ऐकलं होतं. हार्डवेअरचा कोर्स झालाय हे कळल्यावर त्यांनी तिथंच खांद्यावर हात टाकला. आज सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, आवाज काय हाय गड्याचा, बैल थांबत्यात ऐकून. सेक्रेटरी कृष्णात लगेच म्हणाला, बैलच थांबत्यात, माणसं न्हाय थांबायची. सगळे हसले, मीही हसलो.

राहायला बौद्धवस्तीत यल्लव्वाकडे. साठीची विधवा, एकटी. नाल्याकडेला तिची अकरा गुंठे जमीन आहे आणि संस्थेची नवी पाइपलाइन नेमकी त्यातूनच न्यायची आहे. शेजारी चेअरमनांचं दोन एकर पडून आहे, पण तिकडून वळवायची नाही. तिनं अंगठा द्यायला नकार दिलाय. मला म्हणाली, तू बोलणारा हाईस न्हवं, मग माझ्यासाठी बोल. ९ एप्रिलला सर्वसाधारण सभा आहे. मी शब्द दिला. माझ्याकडे जमीन नाही, पैसा नाही, घराण्याचं नाव नाही. आवाज आहे. तो तिचा.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

आज कार्ड बसवलं. शाहूपुरीतल्या एका दुकानातून आणलेलं जुनं साउंड कार्ड, सोबत ना कागद ना फ्लॉपी. दुकानदार म्हणाला, कुठल्या तरी ऑफिसातनं आलंय, चालतंय मात्र झकास.

वीज बंद केली. लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली, मग डबा उघडला. मागची पत्र्याची पट्टी काढली. कार्डाचे पिवळे दात खाचेवर नीट धरले आणि दोन्ही अंगठ्यांनी सावकाश दाबलं. टक् असा आवाज आला की समजायचं, बसलं. स्क्रू आवळला.

इतक्यात कृष्णात नारळ आणि कुंकवाची पुडी घेऊन हजर. मी त्याला उभ्या उभ्या अर्धा तास सुनावलं. यंत्र माणसाच्या बुद्धीतून जन्मलं, त्याला नवस नको, धूळ पुसलेली पुरते. तो शांतपणे म्हणाला, पावणं, आमी मोटरीला लावतोय, ट्रॅक्टरला लावतोय, ह्यानंच काय पाप केलंय? शेवटी नारळ उंबऱ्यावर फुटला, कुंकू टेबलाच्या पायाला लागलं आणि खोबरं आम्ही दोघांनी खाल्लं. माणूस चांगला आहे.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

कार्ड बसलं पण बोलेना. दिवसभर त्यातच गेला.

गोष्ट अशी असते. कॉम्प्युटरच्या पोटातल्या प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो. काम असलं की ते त्या नंबरावरून प्रोसेसरला हाक मारतं. दोन कार्डांना एकच नंबर पडला की भांडण लागतं. एक बोलतं, दुसरं मुकं होतं. नंबर ठरवायला कार्डावर बारीक पिना असतात, त्यांवर प्लॅस्टिकची टोपी चढवायची. तिला जंपर म्हणतात. सातवर ठेवला तर प्रिंटर अडला. दहावर मोडेम अडला. उरला पाच.

यादी उघडून पाहिली तर पाच नंबर मोकळा नव्हता. कुणाच्या तरी नावावर होता, पण नावाच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं. असलं कधी पाहिलं नव्हतं. मालक नसलेली जागा ओस का ठेवायची? जंपर पाचवर चढवला, मशीन विचारत होतं त्याला दोनदा हो म्हटलं आणि पडद्यावरचं अडचण दाखवणारं पिवळं उद्गारचिन्ह गेलं. माइकमध्ये जय भीम म्हटलं. क्षणभरानं चारी भोंग्यांतून गावावर जय भीम घुमलं. वस्तीतली पोरं नाचली. बाळासो दारात आले, हसले आणि म्हणाले, आवाज जरा कमी ठेवा.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

चार दिवस फक्त शब्द बोलतोय. वाक्यं साठवली तर डिस्क भरते, म्हणून सुटे तुकडे. गट क्रमांक, आकडे, वार, सकाळ, दुपार आणि चारशे बारा नावं. तुकडे जोडून मशीन हवं ते वाक्य तयार करतं.

आज बाळासोंनी आणखी एक कागद दिला: ‘कळवण्यास दुःख होते की’, ‘यांचे निधन झाले आहे’, ‘माती उद्या सकाळी नऊ वाजता’. मी कागद परत केला. का, ते त्यांना ठाऊक आहे. या जिल्ह्यात दवंडी कुणी पिटायची आणि मयताचा सांगावा गावोगाव कुणी न्यायचा, हे शेकडो वर्षं जन्मावरून ठरलेलं होतं. माझ्या आज्ज्यानं छप्पन्न साली हलगी चावडीच्या पायरीवर ठेवली. पाटलाला सांगितलं, आजपासून तुमचा मेलेला तुम्ही ओरडा. त्यासाठी त्याचं घर जाळलं. माझे वडील गणपती अजून शिरोळात ती गोष्ट सांगतात आणि सांगताना उभे राहतात.

बाळासो म्हणाले, तुम्ही कुठं ओरडताय, मशीन ओरडतंय. मशीनला कसली जात? हे तर माझंच वाक्य. मी भर सभेत दहा वेळा टाळ्या घेतलेलं. माइक जवळ ओढला. बोलून टाकलं, तीनच तुकडे. वडिलांना पत्रात कळवलं नाही.

सोमवार, १४ फेब्रुवारी

दवंडी सुरू झाली. (मीच हा शब्द लिहिला. राहू दे.) सकाळी साडेसहाला शेतात माणसं थांबून ऐकत होती. एक भांडण झालं नाही. कृष्णातनं पेढे वाटले.

बाळासो चहा पिता पिता म्हणाले, आज्ज्यानं हलगी ठेवली, नातवानं काँप्युटर वाजवला, गाव आपलं जिथल्या तिथं. सगळे खदाखदा हसले. मी जबाब द्यायला तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. भोंगे चालू होते तोवर नाही आला, भोंगे थांबल्यावर आला. तोवर बाळासो निघून गेले होते.

संध्याकाळी मुद्दाम पाहिलं. भोंगा बोलतो तेव्हा मी मुका. सर्दी असणार.

गुरुवार, २ मार्च

आज पाच वाजता पाळ्या संपल्यावर मशीन थांबलं नाही. आजच्या यादीत नसलेलं वाक्य बोललं. कळवण्यास दुःख होते की, गट क्रमांक सात, आकाराम यांचे निधन झाले आहे, माती उद्या सकाळी नऊ वाजता.

आकाराम त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा पीत होता. धडधाकट माणूस, मोटरीवरचा ऑपरेटर. कप घेऊनच आत आला आणि मला म्हणाला, काय रं वक्त्या, मला पोचवूनच सोडतोस व्हय, निदान च्या तरी पिऊ दे. टपरी हसून हसून लोळली. त्यानं स्वतःच्या तिरडीला खांदा दिल्याची नक्कल केली. मी त्याची माफी मागितली आणि संगणकाच्या पोटातल्या फाइली एकेक करून तपासल्या. हा हुकूम कुणीच दिलेला नाही.

शुक्रवार, ३ मार्च

आकाराम जॅकवेलमध्ये, नदीकाठच्या मोटरीच्या विहिरीत सापडला. सकाळी मोटर लावायला गेला होता. पोहणारा माणूस. कमरेइतकं पाणी.

नऊ वाजता माती झाली. बरोबर नऊ.

मी योगायोग हा शब्द आज दिवसभर स्वतःशी म्हणतोय. शब्द खरा आहे. चांगला शब्द आहे.

गुरुवार, ९ मार्च

काल पाचला भोंग्यानं चिमणाबाईचं नाव घेतलं. तिच्या सुनेनं भोंगा ऐकला आणि ती तोंडाला पदर लावून घरात गेली. हसत होती की रडत, कळलं नाही. म्हातारी म्हणाली, मरणाऱ्याला आधी कळतंय हे बरंय की, लुगडं तरी बदलता येतंय. रात्री नीट जेवली. सकाळी तांदूळ निवडायला बसली ती तशीच, सूप मांडीवर.

मी माइकची वायर उपटून टाकलीय. तरी पडद्यावरची आवाजाची पट्टी हलते. मी श्वास घेतला की वर, सोडला की खाली.

शनिवार, ११ मार्च

वाटलं होतं, लोक मला झोडपतील. मशीन फोडतील. मी त्याची वाट पाहत होतो.

त्यांनी मला तांबडा रस्सा आणला.

चिमणाबाईची सून डबा घेऊन आली, उपकार झाले म्हणाली आणि पाया पडायला वाकली. एकजण बांधाच्या भांडणातलं सख्ख्या भावाचं नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन आला. कालपर्यंत मला दारात वेगळा ठेवलेल्या ग्लासातून पाणी देणारा माणूस, आज पावणं पावणं करत होता. मी म्हटलं, माझ्या हातात नाही. त्यानं डोळा मारला. म्हणाला, असू दे की, पन जमलं तर बघा. मी त्याला हाकललं. बायका संस्थेच्या पायरीवर भाकरी ठेवून जातायत. माझ्या आज्जीला अशाच पायरीवर भाकरी मिळायची. मी ती उचलत नाही. कुत्रीही उचलत नाहीत.

बाळासो सगळं पाहतात.  आज मला बसायला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली.

सोमवार, १३ मार्च

पुरे. दुपारी डबा उघडला. स्क्रू काढला, कार्ड उपसलं. पत्र्याखाली ते तापलं होतं, तापलेल्या पोराच्या कपाळासारखं. संस्थेच्या मागच्या दगडावर ठेवून ठेचलं. आता बोल म्हणावं.

पावणेपाचला राजीनामा घेऊन कृष्णातसमोर उभा राहिलो. त्याला सांगणार होतो, दोस्ता, मी निघालो, तू तेवढा यल्लव्वाकडे लक्ष ठेव. बोलता बोलता पाच वाजले. भोंगे गप्प होते.

माझं तोंड उघडलं. ते मी उघडलं नाही. त्यातून भोंग्यातला आवाज आला, तुकड्या तुकड्यांचा, शब्दांमधे तेवढीच पोकळी सोडलेला. कळवण्यास दुःख होते की. कृष्णात यांचे निधन.

कृष्णात हसला नाही. त्यानं हळूच विचारलं, थट्टा हाय न्हवं ही?

मंगळवार, १४ मार्च

मोटरीच्या स्टार्टरला हात लावताना कृष्णातला शॉक बसला. सव्वासातला. नऊला माती.

त्याची पोरगी माझ्याकडे बघत होती. मला तिला सांगायचं होतं — आवाज नाही. पाचशिवाय, साडेसहाशिवाय मला आवाजच उरलेला नाही. आता लिहूनच बोलतो.

गुरुवार, १६ मार्च

शहरातून नवं कार्ड आणलं. खाचेत बसवलं, जंपर पाचवर. मशीन कबूल करत नाही. पडद्यावर एकच ओळ येते, पाच नंबर आधीच दुसऱ्याच्या वापरात आहे.

डबा पुन्हा उघडून पाहिला. आत दुसरं कुणी नाही. एका नंबरावर दोघं असले की एक मुकं होतं. मीच शिकलो होतो, मीच या वहीत लिहिलं होतं. मी कार्ड ठेचलं तेव्हा दोघांतला एक ठेचला. दुसरा माझ्या पायांनी घरी चालत गेला.

रविवार, १९ मार्च

पळालो. शिरोळला, वडिलांकडे जायचं म्हणून. कोल्हापूरच्या स्टँडवर पाच वाजले. समोर एक अनोळखी बाई, हातात बांगड्यांची पेटी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडानं तिचं नाव घेतलं, तिच्या गावाचं नाव घेतलं. तिनं पेटी टाकली आणि पळाली.

डोळे मिटले होते. तोंडात रुमाल कोंबला होता. उपयोग नाही. आवाज छातीतून येतो.

वडील पाचला दारात बसतात. शिरोळची गाडी समोर उभी होती. चढलो नाही, गावात परतलो.

गुरुवार, २३ मार्च

एक वाट सापडली. समोर माणूस नसला तर नाव येत नाही. नुसतं कळवण्यास दुःख होते की, मग पोकळी, मग नऊ वाजता. कुणी मरत नाही. चार दिवस झाले, कुणी मेलं नाही. आरशासमोरही उभा राहिलो. पोकळीच. दवंडी देणाऱ्याचं नाव दवंडीत नसतं.

त्या दोन वेळा नदीकाठच्या जुन्या पंपहाउसात जाऊन आतून कडी लावतो. खोली बाळासोंनीच दिली. प्रेमानं म्हणाले, राहा की, आपलीच हाय.

यल्लव्वासाठीचं भाषण लिहितोय. बोलता येणार नाही, पण वाचायला कुणीतरी मिळेल. सभेपर्यंत तग धरायचा. अकरा गुंठे वाचले पाहिजेत. आवाज गेला म्हणून शब्द जात नाही.

बुधवार, २९ मार्च

सकाळी साडेसहा. कडी लावायच्या आत दार ढकललं गेलं. सयाजी — सभेत चेअरमनांविरुद्ध उभा राहणारा तो एकटा — हातात कागद. म्हणाला, चेअरमन म्हणाले तुम्ही बोलावलंय.

मी हातानं नको नको करत होतो. तो म्हणाला, काय, माशी बसली का अंगावर?

घेतलं. नाव घेतलं.

गुरुवार, ३० मार्च

सयाजीची माती. बाळासो पुढं होते. मडकं त्यांनीच उचललं. परत फिरताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाले, आता कसं घराण्याला शोभेसं काम करायला लागलासा.

लिहून दिलं, तुमच्याच समोर उभा राहीन. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली. त्या दोन वेळांना ते आता शहरात असतात. रोज. गाडीनं जातात, गाडीनं येतात.

मंगळवार, ४ एप्रिल

बाहेर दोघं बसवलेत. मला बाहेर जाऊ देत नाहीत. यल्लव्वाला भेटून आठ दिवस — वस्तीत सांगितलंय, पोराला घशाचा आजार झालाय. वस्तीही आता पंपहाउसाकडे येत नाही. माझीच माणसं. बरोबर आहे त्यांचं.

भाषण झालं. सात पानं. पहाऱ्यावरच्यानं चूल पेटवायला नेली.

पुन्हा लिहितोय.

शुक्रवार, ७ एप्रिल

आतली कडी काढून नेली. चार भोकं राहिलीत फक्त.

परवा सभा. एवढे दोन दिवस —

शनिवार, ८ एप्रिल

पावणेपाच. बाहेरचे दोघं उठून गेले. का गेले?

यल्लव्वाचा आवाज. बांधावरून. हाक मारते. म्हणते चेअरमननीच सांगितलं, पोरगा उपाशी हाय, पाचाला तूच भाकरी घेऊन जा, तुझ्याच हातची खाईल —

दाराला पाठ लावून बसलो. ती बाहेरून ढकलतेय.

मोठ्या अक्षरांत लिहिलं, आत येऊ नको, मरशील. फटीतून सरकवलं. कागद परत आला. म्हणते, मला कुठं वाचता येतंय लेका, तोंडानं सांग की.

तोंडानं.

पाचला चार कमी. दार — म्हातारीला एवढी ताकद कुठून — आत आली. भाकरी मोडून हातात धरलीय. मी भिंतीकडं तोंड केलं. ती भिंतीकडून पुढं आली. मी फिरलो, ती फिरली. म्हणते, माझ्यावर रागावलास व्हय. म्हणते, एक शब्द बोल. एकच. मग जाते.

ढकललं तिला. पडली. गुडघा फुटला. उठतेय. म्हणते, मार, पन बोल —

छाती भरून येतेय. दार तिच्या मागं — नदी — तिच्यावरनं जाऊ कसा —

तोंड धरलंय माझं. दोन्ही हातांत. कपाळाला कपाळ. म्हणते हां. हां, बोल. ऐकतेय मी —

कळवण्यास दुः